ओपनऑफिसचा दुसरा डाव : निष्ठा नावाशी की कामाशी?

कुंभकोणम : कार्यालयीन कामाचा संगणक-संच तमिळमध्ये उपलब्ध करून देण्याचा सरकारी प्रयत्न एप्रिल २००५ मध्ये झाला. सी-डॅकने ओपनऑफिसच्या आधारे तयार केलेला ‘भारतीय ओपनऑफिस’ तमिळ फॉन्टसह सीडीवर मोफत देण्यात आला. चेन्नईपासून दूर असलेल्या कुंभकोणमसारख्या शहरांच्या दृष्टीने ‘मोफत’ हा शब्द महत्त्वाचा होता.

पाच वर्षांनी मूळ संचाचेच भवितव्य टांगणीला लागले. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला जुन्या स्वयंसेवकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा करून हाच संच ‘लिब्रेऑफिस’ या नावाने नव्याने आणला. नाव कंपनीकडे राहिले, काम करणारी माणसे बाहेर पडली. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनच्या हवाली केले. मात्र २०१४ च्या ४.१ आवृत्तीनंतर तेथे मुख्यतः दुरुस्त्याच होत राहिल्या.

पाठिंबा येथेच दुभंगला. अनेकजण परिचित नावालाच धरून राहिले. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये लिब्रेऑफिसच्या मंडळींनी खुले पत्र लिहून, वापरकर्त्यांना नव्या संचाची माहिती द्यावी, असे अपाचेला आवाहन केले.

भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांना जुन्या नावावरील ही निष्ठा महाग पडू शकते. अक्षरमांडणीसाठी लिब्रेऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीत सर्व प्रणालींवर हार्फबझ हे एकच इंजिन स्वीकारले. तमिळनाडूने २०१० मध्येच युनिकोडला मान्यता दिली होती. तरीही, मराठीप्रमाणेच तमिळमध्येही, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर नव्या संचात उघडतो खरा. मूळ फॉन्ट नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.