एका मात्रेचा मान



भाषा शिकायला माणसाने समुद्रापार जावे आणि तिथे खरा धडा मीठ मागण्यावरून मिळावा, असे आमच्या बाबतीत घडले. ती हकिगत आज तुम्हाला सांगतो.

अमेरिकेत ज्या रुग्णालयात आम्ही परिचारिकेचे काम करतो, तिथे येणारे पुष्कळ रुग्ण स्पॅनिश बोलणारे. "कुठे दुखते?" एवढे विचारायलाही दुभाष्याची वाट पाहावी लागे. म्हणून साठवलेली रजा आणि साठवलेले पैसे घेऊन आम्ही चार आठवड्यांसाठी मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात, आंतिग्वा या गावी गेलो. हे गाव स्पॅनिश राजवटीत राजधानी होते. 1773 सालच्या भूकंपात ते मोडले आणि राजधानी दुसरीकडे हलली. पडक्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. आजूबाजूला तीन ज्वालामुखी. त्यातला फुएगो नावाचा डोंगर रात्री लाल ठिणग्या उडवतो. 2018 साली त्याच्या उद्रेकात पायथ्याची वस्ती गाडली गेली. पण गावकरी त्याच्याकडे बघत निवांत कॉफी पितात.

या गावी भाषा शिकवणाऱ्या अनेक शाळा आहेत. पद्धत अशी की एका विद्यार्थ्याला एकच मास्तरीण. सकाळी चार तास समोरासमोर बसायचे आणि बोलायचे. राहायचे मात्र गावातल्या एखाद्या कुटुंबात. खोली आणि तीन वेळचे जेवण ते देतात. रविवारी जेवणाची सोय आपली आपण पाहायची.

आमच्या घरी यजमान आजी, त्यांची लेक आणि कॉलेजात जाणारा नातू. सकाळी उठलो की आजी विचारीत, "कोमो आमानेसिओ?" म्हणजे, तुम्हाला कसे उजाडले? न्याहारीला काळ्या घेवड्याचे घट्ट वरण, अंडी, तळलेली केळी आणि टॉर्टिया. टॉर्टिया म्हणजे मक्याची तळहाताएवढी भाकरीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, ओला दळतात आणि हातावर थापतात. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून टप टप टप असा आवाज आला, आणि क्षणभर आम्हाला आपण कुठे आहोत हेच कळेना. आमची आईच चुलीपुढे बसली आहे असे वाटले.

बाकीच्या गोष्टी शिकायला आठवडा गेला. न्हाणीघरात फवाऱ्यालाच विजेचा गरम करणारा डबा लावलेला. नळ मोठा सोडला की पाणी गार, बारीक सोडला की गरम. कपडे धुवायला अंगणात सिमेंटचा 'पिला'. मध्ये पाण्याचा हौद आणि बाजूला दगडासारखी खडबडीत जागा. हौदात साबणाचा हात बुडवायचा नाही, वाडग्याने पाणी घ्यायचे. जेवून उठताना सर्वांना "ग्रासियास" म्हणायचे, मग सगळे म्हणतात, "बुएन प्रोवेचो", म्हणजे अन्न अंगी लागो. शब्दांचीही गंमत. पगार देणे याला तिकडे 'पागार' म्हणतात, तंबाखूला 'ताबाको'. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, आणि पोर्तुगिजांनी हे शब्द आपल्या किनाऱ्यावर कधीच उतरवलेले. आपण रोज स्पॅनिशच्या बहिणीचे शब्द बोलतो हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

आता मिठाची गोष्ट.

त्या घरी स्वयंपाकाला एक बाई येत. जवळच्या खेड्यातल्या काक्चिकेल समाजाच्या. माया लोकांच्या ज्या वीसहून अधिक भाषा त्या देशात आहेत, त्यातली ही एक. अंगात हातमागावर विणलेला रंगीत 'विपिल', वय पन्नाशीच्या पुढे. पण घरात त्यांना सगळे 'मुचाचा' म्हणत. मुचाचा म्हणजे पोरगी.

नातू त्यांना म्हणे, "पासामे ला साल." मीठ दे. आम्हीही ऐकून ऐकून तेच उचलले. एका रात्री जेवताना आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "पासामे ला साल." वाक्य बिनचूक आल्याचा आनंद झाला. बाईंनी मान खाली घालून मीठ पुढे केले. काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तरणीला हे कौतुकाने सांगितले. तिने पेन्सिल खाली ठेवली. वहीत दोन शब्द लिहिले : 'पासामे' आणि 'पासेमे'. पहिला एकेरी, दुसरा आदरार्थी. फरक एवढाच, की सा चा से. म्हणजे आपल्या लिपीत काना जाऊन मात्रा. मग तिने समजावले. 'वोस' म्हणजे तू, 'उस्तेद' म्हणजे आपण. मित्र एकमेकांना वोस म्हणतात, त्यात प्रेम असते. पण या देशात स्पॅनिश बोलणारे लोक माया माणसाला, तो वयाने बापासारखा असला तरी, वोस म्हणत आले. आणि त्याने मात्र उलट उस्तेदच म्हणायचे. एकेरीत वाईट काही नाही. ती एकाच बाजूने चालते तेव्हा ती चाबूक होते.

वाचकहो, त्या क्षणी आम्हाला आमची आजी आठवली. गावातली शेंबडी पोरेसुद्धा तिला नाव घेऊन "अगं ए" करीत, आणि ती त्या पोरांना "धनी" म्हणे. आईच्या तोंडून हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. आणि तीच आम्ही, आजीची नात, हजारो मैलांवर जाऊन दुसऱ्या कुणाच्या आजीला "दे गं मीठ" म्हणून आलो होतो. भाषा नवी, पण तिच्याबरोबर त्या घरातली उतरंडही आम्ही न विचारता उचलली होती. त्या दिवशी जेवण गेले नाही.

संध्याकाळी आम्ही म्हणालो, "दोन्या, पासेमे ला साल, पोर फाबोर." दोन्या हे बाईमाणसाच्या मानाचे संबोधन. बाईंनी एकदा वर पाहिले, मीठ दिले आणि पुन्हा कामाला लागल्या. मोठे काही घडले नाही. नातवाची भाषाही बदलली नाही. चार आठवड्यांच्या पाहुण्याने घरच्यांना धडे द्यावेत हे आम्हाला जमले नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

पण पुढे एका दुपारी पिल्यावर कपडे धुताना बाईंनीच विचारले, "तुमच्याकडे टॉर्टिया करतात का?" आम्ही ओल्या हातांनी भाकरी थापून दाखवली. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "मीही तुमच्यासारखीच स्पॅनिश शिकले. तेराव्या वर्षी कामाला आले तेव्हा एक शब्द येत नव्हता. पण मला मास्तरीण नव्हती. चुकले की ओरडा बसे." मग त्यांनी आम्हाला काक्चिकेलमधला एक शब्द शिकवला : 'मात्योश', म्हणजे आभारी आहे. त्यानंतर रोज जेवून उठताना आम्ही ग्रासियासबरोबर मात्योशही म्हणू लागलो.

याच देशातल्या रिगोबेर्ता मेंचू या कीचे समाजाच्या बाई. त्यांनीही शहरात मोलकरीण म्हणून काम केले. स्पॅनिश त्या तरुणपणी शिकल्या आणि त्याच भाषेत आपल्या लोकांवरचे अत्याचार जगाला सांगितले. 1992 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिथले यादवी युद्ध 1960 ते 1996 असे छत्तीस वर्षे चालले आणि त्यात बळी गेलेल्यांत बहुसंख्य माया होते. ज्या भाषेत त्यांना 'वोस' ऐकावे लागले, तीच भाषा त्यांनी हत्यार म्हणून हाती घेतली.

आता आम्ही कामावर परत आलो आहोत. खाटेवरच्या म्हातारीला सकाळी "कोमो आमानेसिओ?" विचारतो, तेव्हा तिचा चेहरा उजळतो. फरशी पुसणाऱ्या मावशींनाही तोच प्रश्न, त्याच आदराने विचारतो.

आपल्या लेकरांना परकी भाषा जरूर शिकवा. पोट त्यावर चालते, जग त्याने उघडते. पण शिकवताना एक विचारा : या भाषेत मोठ्या माणसाला काय म्हणतात, आणि भांडी घासणाऱ्या बाईला काय म्हणतात? दोन्हींचे उत्तर एकच येईपर्यंत धडा पुरा झाला असे समजू नका.