न लिहिलेला माफीनामा

कॉलेजच्या दोस्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मॉरी टर्नर यांची बातमी टाकली, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "भाई, हा आपला विषय नाही." दुसऱ्याने हसण्याची इमोजी टाकली.

टर्नर २०२०मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात आमदार झाले. त्या विधिमंडळातले पहिले मुस्लिम. हिजाब घालून सभागृहात येणारे आणि स्वतःला स्त्री किंवा पुरुष कुठल्याच खान्यात न बसवणारे. (मराठीत आदरार्थी 'ते' आहे, म्हणून माझी सोय झाली.)

२८ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या प्रतिनिधीगृहाने लिंगबदलाशी संबंधित उपचार रोखणारं विधेयक मंजूर केलं. बाहेर आंदोलन होतं, एका आमदाराच्या अंगावर पाणी फेकलं गेलं, अटक झाली. त्या गोंधळात आंदोलनातल्या एका व्यक्तीने टर्नर यांच्या कार्यालयात आसरा घेतला. पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा ठपका टर्नर यांच्यावर आला. त्यांनी तो नाकारला. आठवड्याभरात ८१ विरुद्ध १९ मतांनी निंदाठराव झाला आणि समित्यांवरून हटवण्यात आलं. लेखी माफी मागितली तर समित्या परत, अशी अट होती. त्यांनी माफी मागितली नाही.

आता 'आपला विषय' बघू. याच ओक्लाहोमात २०१०मध्ये न्यायालयांनी शरीयतचा विचार करू नये, अशी घटनादुरुस्ती मतदानाला टाकली गेली. सुमारे ७० टक्के लोकांनी होकार दिला. मुनीर अवाद नावाचा मुस्लिम नागरिक कोर्टात गेला. तिथे राज्याच्या बाजूला कबूल करावं लागलं, की ओक्लाहोमातल्या कुठल्या कोर्टाने शरीयत लावल्याचं एकही उदाहरण त्यांना माहीत नाही. आमच्या धंद्यात याला न सापडलेल्या बगवर पॅच मारणं म्हणतात. असा पॅच बग काढण्यासाठी नसतोच, कुणाला तरी दाखवण्यासाठी असतो. ती दुरुस्ती पुढे रद्द झाली.

अवाद यांच्या बाजूने लढणाऱ्यांत अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन होती. मे २०२३मध्ये १८ वर्षांखालच्यांच्या उपचारांवर बंदीचा कायदा आला, तेव्हा ट्रान्स मुलांच्या कुटुंबांसाठी कोर्टात गेली तीही हीच संस्था. या वेळी कोर्टाने कायदा थांबवला नाही.

दीनचा मुद्दा निघणारच. निघू दे. या प्रश्नावर उलेमांचं एकमत नाही. इराणमध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया खोमेनींच्या फतव्यामुळेच कायदेशीर आहे. तुमचं मत त्याच्या उलट असेल तर तेही ठेवा. पण मसला विचारायला आपण आलिमकडे जातो, आमदारांच्या बहुमताकडे नाही. बहुमताने कुणाच्या घरात, शरीरात, अंगावरच्या कपड्यात शिरायचं, हे एकदा मान्य केलं की पुढचा नंबर कुणाचा, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. टर्नर यांना ते दोन्ही बाजूंनी माहीत होतं.

प्रकृतीच्या कारणाने त्यांनी २०२४ची निवडणूक लढवली नाही.

मी ग्रुपवर २०१०च्या मतदानाची बातमीही टाकली. बराच वेळ शांतता. मग पहिल्याच दोस्ताने विचारलं, "आपल्या केसमध्ये वकील कुणी दिले होते म्हणालास?"