चिमुकल्या कुत्र्याचं पोट आणि आपलं लंघन

पोट बिघडलं की एक वेळ उपास करायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. मोठ्या माणसांना ती मानवतेही. पण हीच रीत आमच्या घरी एका इवल्याशा जिवावर बेतली होती. ती हकिगत आज सांगते. तुमच्याकडे असं लहान कुत्रं असेल तर हे जरूर वाचा.

धाकट्याच्या हट्टापायी आमच्याकडे पॉमेरेनियनचं पिल्लू आलं. अडीच महिन्यांचं, वजन जेमतेम पाऊण किलो. नाव ठेवलं चिंगी. आल्या दिवशी सगळ्यांनी कौतुकानं भरवलं. कुणी दूध, कुणी बिस्किट, कुणी शिऱ्याचा घास. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगीला पातळ शी झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज तिला काही देऊ नकोस. लंघनानं पोट ताळ्यावर येईल." मलाही ते पटलं.

संध्याकाळी पाहते तर काय, चिंगी कोपऱ्यात पडलेली, अंग गार. उभी केली तर झोकांड्या खाऊ लागली. घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं कधी खाल्लं होतं?" मग म्हणाले, "बोटावर थोडा मध घेऊन हिरड्यांना चोळा, उबदार फडक्यात गुंडाळा आणि लगेच घेऊन या." दवाखाना येईपर्यंत तिनं मान उचलली होती. पोटाचं दुखणं किरकोळच होतं. तिला आडवं केलं ते आमच्या उपासानं!

असं का होतं? एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा तो किती असणार! अंगावर मांस-चरबी बेताची, आणि लहान अंग भराभर गार पडतं, म्हणून ऊब टिकवायला शक्ती जास्त लागते. काही तास पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर उतरते. मग थरथर, सुस्ती, लटपटणं आणि शेवटी झटकेसुद्धा येतात. पिल्लू शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांना चोळायचा आणि दवाखाना गाठायचा.

म्हणून या पाहुण्यांच्या जेवणाचं वेळापत्रक बांधूनच घ्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार ते सहा वेळा, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, आणि मोठं झाल्यावर दोन-तीन वेळा. पिल्लाला रात्री झोपण्यापूर्वी एक घास आणि सकाळी उठल्याबरोबर एक, हे चुकवायचं नाही. मोठं कुत्रंही कधी कधी पहाटे पिवळा फेस ओकतं आणि नंतर अगदी खुशीत हुंदडतं. बहुतेक वेळा ते रिकाम्या पोटातलं पित्त असतं. रात्री उशिरा दोन-चार घास दिले की पुष्कळदा थांबतं. पण रोजच होऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता मापाचं बघा. दोन किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसभरात साधारण १५० ते २०० कॅलरी पुरतात. एक ग्लुकोज बिस्किट सुमारे २५ कॅलरीचं. म्हणजे चहाच्या वेळी चौघांनी एकेक बिस्किट दिलं की अर्ध्या दिवसाचं जेवण झालं! मग ते वाडग्याला तोंड लावत नाही आणि आपण म्हणतो, "खातच नाही हो!" खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा आणि देणारा हात एकच ठेवा. खाद्य बदलायचं असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला. दुधानं पुष्कळ कुत्र्यांना जुलाब होतात, तेव्हा ते टाळलेलंच बरं.

आपल्या ताटातलं मात्र देऊ नका. कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो. द्राक्षं, बेदाणे आणि चिंच यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्या शिऱ्यातला बेदाणा चिंगीच्या वाट्याला आला नाही, हे नशीबच म्हणायचं. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या किंवा च्युइंगगम तर मुळीच नको. सणाचं तळणही नको. तुपातेलानं स्वादुपिंडाला सूज येते आणि लहान कुत्र्यांना हा त्रास अधिक होतो.

एवढं सांभाळूनही कधी पोट बिघडलंच, तर? मोठं कुत्रं एक-दोनदा पातळ शी करून हसतं-खेळतं असेल तर घरचा उपाय चालतो. दोन भाग मऊ भात आणि एक भाग उकडलेली, बिनहाडाची, बिनचरबीची कोंबडी. मीठ, हळद, फोडणी काही नको. शाकाहारी घरात मऊ भातात चमचाभर साधं ताजं दही किंवा उकडलेला लाल भोपळा कुस्करून घाला. एका वेळी दोन-तीन चमचेच, पण दर तीन-चार तासांनी. पाणी सतत समोर असू द्या. उलटी झाली असेल तर एकदम वाटीभर पिऊ न देता थोडं थोडं द्या. शी घट्ट झाली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा.

आपल्या डब्यातली जुलाबाची किंवा तापाची गोळी मात्र देऊ नका. अर्धीसुद्धा नको. एवढ्याशा शरीराला ती विष ठरू शकते.

डॉक्टरांकडे कधी धावायचं तेही लक्षात ठेवा. शीत किंवा उलटीत रक्त, काळी डांबरासारखी शी, पुन्हा पुन्हा उलट्या, फुगलेलं दुखरं पोट, कोरड्या चिकट किंवा पांढुरक्या हिरड्या, जेवणाला तोंड न लावणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. जुलाब एका दिवसात आटोक्यात आले नाहीत तरी जा. आणि पिल्लू असेल, त्यातून लस झालेली नसेल, तर पहिल्याच जुलाबाला दाखवा. पार्व्हो या रोगाची सुरुवात अशीच होते आणि त्यात दिवस नव्हे, तास मोलाचे असतात. जाताना शेवटचं काय खाल्लं, कधी खाल्लं आणि वजन किती, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या.

आमची चिंगी आता चार वर्षांची आहे, वजन सव्वादोन किलो. रात्री दहा वाजता तिची वाटी भरण्याचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. त्यांची एकादशी असली तरी चिंगीची वाटी चुकत नाही. "उपास माझा गं," असं म्हणतात, "तिचा नव्हे."