व्हॉइड पॉइंटरमध्ये फंक्शन कोंबू नका

‘पत्ता तो पत्ताच, डेटाचा असो की फंक्शनचा, व्हॉइड पॉइंटरमध्ये सगळं मावतं,’ असं सी लिहिणारे कितीतरी जण ठामपणे सांगतात. शिकवणारेही सांगतात, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

व्हॉइड पॉइंटरबद्दल सीच्या मानकाने दिलेली हमी ऑब्जेक्टपुरतीच आहे. फंक्शनबद्दल ते गप्प आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं चाललेलं टर्बो सी घ्या. त्याच्या मीडियम मेमरी मॉडेलमध्ये डेटाचा पॉइंटर १६ बिटांचा, फंक्शनचा ३२ बिटांचा. कारण फंक्शनच्या पत्त्यात सेगमेंटही लागतो. तो पत्ता व्हॉइड पॉइंटरमध्ये घातला की सेगमेंट गळालाच. नेहमीच्या स्मॉल मॉडेलमध्ये दोन्ही १६ बिटांचे, म्हणून चूक कुणाला दिसली नाही. मूळ आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये तर प्रोग्राम फ्लॅशमध्ये आणि व्हेरिएबल्स एसरॅममध्ये असतात. तिथे एकच आकडा दोन मेमऱ्यांत दोन निराळ्या जागा दाखवतो.

यावर हमखास लायब्ररीतलं फंक्शन नावावरून शोधून देणाऱ्या डीएलसिमचा दाखला येतो: ते व्हॉइड पॉइंटर परत करतं आणि त्यातूनच फंक्शन मिळतं. खरं आहे. पण हे रूपांतर चाललंच पाहिजे, अशी अट युनिक्स धर्तीच्या प्रणालींच्या पोझिक्स मानकाने आपल्या प्रणालींना घातली आहे, सीने नव्हे. विंडोजमध्ये तेच काम करणारं गेटप्रॉकअॅड्रेस थेट फंक्शन पॉइंटरच देतं. म्हणजे नीट रचना करता येत होती.

मग कुठलंही फंक्शन साठवायचं कशात? काही न घेणाऱ्या, काही न परतवणाऱ्या फंक्शनच्या पॉइंटरमध्ये. कोणताही फंक्शन पॉइंटर दुसऱ्या फंक्शन पॉइंटरच्या टाइपमध्ये नेऊन परत आणला तर तो मूळचाच राहतो, हे मानक स्पष्ट सांगतं. अट एकच: कॉल करण्यापूर्वी मूळ टाइपवर यायचं. ही अट मोडली तर वेबअसेम्ब्लीत, पॅरामीटरांची संख्या जुळत नसेल तर, कॉल तिथल्या तिथे ट्रॅप होतो. ब्राउझरमध्ये पायथन चालवणाऱ्या पायोडाइडला अशाच कास्टिंगने चांगलंच छळलं. कॉलबॅकसोबत डेटा पाठवायचा असेल तर स्ट्रक्चरमध्ये दोन फील्ड ठेवा: फंक्शनसाठी फंक्शन पॉइंटर, डेटासाठी व्हॉइड पॉइंटर. डीएलसिमचं कास्टिंग एकाच छोट्या फंक्शनमध्ये बंदिस्त करा.

आणि जीसीसी पेडँटिकमध्ये अशा कास्टिंगवर वॉर्निंग देतं म्हणून पत्ता युनियनमधून फिरवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्याने वॉर्निंग जाते. १६ बिटांचे ३२ होत नाहीत.