‘आपण’ आणि बाजार

संस्कृत कोशांत बाजाराला ‘आपण’ असा एक सुंदर शब्द आहे. मराठींत ‘आपण’ म्हटलें म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्यांत येतात. हे दोन शब्द व्युत्पत्तीनें निरनिराळे आहेत हें आम्ही जाणतों. तथापि शिकवितांना मुलांस आम्ही सांगत असूं कीं, जेथें चारचौघे ‘आपण’ म्हणून भेटत नाहींत, तो खरा ‘आपण’ नव्हे. गेल्या महिन्यांत सूनबाईच्या आग्रहावरून नागपुरास एक मॉल पाहण्याचा योग आला आणि हें जुनें वाक्य पुन्हां आठवलें.

मॉल ही वस्तु मूळची उपनगरांतली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील मध्यम स्थितींतली कुटुंबें शहरें सोडून दूरच्या वसाहतींत राहावयास गेलीं. घरोघरीं मोटारी झाल्या. परंतु त्या वसाहतींना ना चावडी, ना पार. हें उणें व्हिक्टर ग्रुएन नांवाच्या वास्तुशिल्पज्ञाच्या ध्यानीं आलें. १९०३ सालीं व्हिएन्ना शहरीं जन्मलेला हा ज्यू गृहस्थ, १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर परागंदा होऊन अमेरिकेंत आला होता. व्हिएन्नाचे गजबजलेले चौक त्याच्या मनांतून गेले नव्हते. मिनिआपोलिसजवळच्या एडिना ह्या उपनगरांत त्यानें आंखलेलें ‘साउथडेल’ ८ ऑक्टोबर १९५६ रोजीं उघडलें. एका छपराखालीं ७२ दुकानें, मध्यभागीं झाडांचा आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा चौक, आणि बाहेर बर्फ पडो कीं ऊन, आंत हवा सदा सारखी!

ह्या चौकाभोंवतीं घरें, शाळा, दवाखाने, उद्यान असें सबंध गांवच वसावें, अशी त्याची मूळ योजना होती. व्यापाऱ्यांनीं त्यांतलीं दुकानें तेवढीं उचललीं, आणि गांवाच्या जागीं मोटारींचे तळ पसरले. पुढें अशा इमारती देशभर उठल्या व जुन्या शहरांतल्या पेठा ओस पडूं लागल्या. ग्रुएन १९६८ सालीं व्हिएन्नास परतला, तों कांहीं वर्षांतच त्या शहराच्याही वेशीबाहेर एक प्रचंड मॉल उभा राहिला. १९७८ सालीं लंडन येथील भाषणांत त्यानें ह्या संततीचें पितृत्व साफ नाकारलें. बापानेंच टाकलेलें हें अपत्य मग आपल्या घरीं आलें.

मुंबईस हाजीअलीजवळ १९९९ सालीं ‘क्रॉसरोड्स’ उघडला. गर्दी आवरेना, तेव्हां ज्याच्यापाशीं मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यास मुक्तद्वार आणि इतरांस प्रवेशमूल्य, असा नियम तेथें कांहीं काळ होता. ओरड झाल्यावर तो मागें घ्यावा लागला. बाजारांत शिरावयास ऐपतीचा दाखला लागावा, हें आम्हांस नवलच वाटलें. पुढें मालाड, मुलुंड अशा उपनगरांतून मॉल झाले. शहरांतून मात्र एवढी मोकळी जागा कोठली? ती बंद पडलेल्या कारखान्यांची व गिरण्यांची.

आम्हीं पाहिलेला नागपूरचा मॉल असाच एम्प्रेस मिलच्या जागेवर उभा आहे. जमशेटजी टाटांनीं ती गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू केली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, म्हणून तिचें हें नांव. कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि तेथें १८८६ सालींच निघाला होता. २००२ सालीं ती बंद पडली. आमचे थोरले चुलतबंधु तेथें कारकून होते. त्यांसही आम्हीं बरोबर नेलें होतें. दाराशीं येतांच दादा थबकले. रखवालदारानें पिशवी मागितली तेव्हां ती त्याच्या हातीं देत ते इतकेंच म्हणाले, “पूर्वीं भोंगा झाला कीं आंत येत असूं.” त्या पोरानें भोंगा कधीं ऐकलाच नव्हता. आंत दादांनीं कांहीं घेतलें नाहीं. एका बांकावर बसून ते खांबांकडे पाहत राहिले. बहुधा आपलें टेबल कोठें असे, याचा अदमास घेत असावेत.

परततांना आम्हीं गाडींत प्रवचनच आरंभिलें. आमच्या दिघोरीचा आठवडी बाजार पाहा! ना दार, ना रखवालदार. तांदूळ, लाखोळीची डाळ, तळ्यांतले शिंगाडे. विकणारा नांवानें ओळखतो, चार पैसे कमी पडले तरी “पुढच्या बाजारीं द्या, गुरुजी” म्हणतो. ग्रुएनला जें साधलें नाहीं, तें आमच्याकडे ताडपत्रीखालीं आपोआप साधतें!

सूनबाईनें सर्व ऐकून घेतलें आणि मग शांतपणें म्हटलें, “मामंजी, तुम्हांला बाजारांत बसावयास पानाचें दुकान आहे. आम्हां बायकांना भर उन्हांत टेंकावयास जागा नाहीं, प्यावयास पाणी नाहीं, आणि घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत दुसरी सोय नाहीं. आज दोन तास मी मुलीला घेऊन निवांत बसलें आणि कोणीं कां बसलांत म्हणून विचारलें नाहीं. भाजी विकणारी बाई तर दिवसभर तशीच बसते.”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. चाळीस वर्षें त्या बाजारांत आम्ही जातों. ‘आपण’ ह्या शब्दाचा अर्थ मुलांना सांगतों. परंतु त्या ‘आपण’मधून अर्धा गांव आम्हींच वगळला होता, हें कधीं ध्यानांत आलें नाहीं. मॉलच्या दारावरचा नियम आम्हांस दिसला, बाजाराच्या उघड्या मैदानावरचा दिसला नाहीं.

येत्या ग्रामसभेपुढें ठेवण्यासाठीं एक अर्ज आम्हीं लिहिला आहे: बाजाराच्या जागेवर एक छप्पर, पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठीं स्वच्छतागृह. मसुदा सूनबाईनें तपासला. “विकणाऱ्या व घेणाऱ्या, अशा सर्व स्त्रियांसाठीं” हे शब्द तिनें घातले. आमच्या वाचकांच्या गांवींही बाजार भरत असेलच. एकदां घरांतल्या बायकांना विचारून पाहावें, तेथें त्यांना कोठें टेंकतां येतें.