पटापुढे मुलगा काय, मुलगी काय!

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्या विजयाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली, तीही वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. नागपूर आम्हा जबलपूरकरांना शेजारघरच. इथल्या मराठी घरांनाही आपलीच लेक जिंकल्याचा आनंद व्हावा, अशी ही गोष्ट. तरीही, "बायकांत पहिली आली, ठीक आहे, पण पुरुषांपुढे टिकेल का? बायकांची बुद्धी या खेळाची नव्हेच," असे म्हणणारे भेटतातच. असे बोलणाऱ्यांना भान नसते की घरातली आठ वर्षांची मुलगीही ते ऐकत असते.

जगातील पहिल्या शंभर खेळाडूंत स्त्री क्वचितच दिसते, हे खरे. पण त्याचे कारण बुद्धीतच शोधावे काय? आमच्याकडचा मटार प्रसिद्ध आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. एकीकडे सोळा पोती मटार आणि दुसरीकडे एकच पोते. सर्वांत लांब शेंग बहुधा सोळा पोत्यांतच सापडेल. म्हणून एका पोत्यातला मटार हलका ठरत नाही! जर्मनीतील एक लाखाहून अधिक खेळाडूंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका स्त्रीमागे सुमारे सोळा पुरुष खेळत होते. अव्वल शंभर पुरुष आणि अव्वल शंभर स्त्रिया यांच्यातील ९६ टक्के फरक केवळ या संख्येमुळे पडतो, असा हिशेब संशोधकांनी मांडला. या हिशेबावर काही तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत. पण संख्येचा मुद्दा कोणालाच डावलता येत नाही.

मुली कमी का खेळतात, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९७४ मध्ये राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाली. पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर. तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनी पुढे अनुक्रमे चार आणि पाच वेळा हे अजिंक्यपद घरी आणले. वडील नीलकंठ खाडिलकर हे 'नवाकाळ'चे संपादक. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे मुलगी हरेल की जिंकेल हा प्रश्न पुढचा. आधी तिला पटापुढे बसण्यासाठीच भांडावे लागले.

हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारला वडिलांनी लहानपणापासून घरीच तयार केले आणि ती पुरुषांशीच खेळत राहिली. १९९१ मध्ये ती पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, २००२ मध्ये तिने कास्पारोव्हला हरवले आणि पुढे जागतिक क्रमवारीत आठवी आली. हंपीने २००२ मध्ये त्याहूनही लहान वयात ग्रँडमास्टर किताब मिळवला.

निसर्गाने थोडाफार फरक ठेवला आहे की नाही, याचा अखेरचा निकाल शास्त्राने अजून दिलेला नाही. तो लागायचा तर दोघांनाही सारखी संधी मिळायला हवी. ती देणे मात्र तुमच्या-आमच्या हातात आहे. मुलाला शिकवणीला पाठवता, तर मुलीलाही पाठवा. मुलींच्या गटात बक्षीस लवकर मिळते म्हणून तिला तिथेच अडकवू नका. खुल्या गटातही खेळू द्या. परगावी स्पर्धा असली की "सोबत कोण जाणार?" या प्रश्नापाशी तिचा खेळ थांबतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाळी लावून सोबत करावी. ती हरली तर डाव कुठे फसला ते तिच्याबरोबर बसून पाहावे. मुलगी आहे म्हणून हरली, असे तिच्या कानावर पडू देऊ नये.