इंजिनाच्या तेलातली ओल कोण मोजणार?

शेतकरी भावांनो, हमीभावाच्या खरेदीला कापूस नेला की आधी ओल मोजतात. ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतात, १२ च्या वर गेली की गाडी परत. घेणाऱ्याने माल पारखून घ्यावा, हे आम्हालाही मान्य आहे. पण विहिरीवर बसवायला जुने डिझेल इंजिन घेताना आपण काय पारखतो? रंग ताजा, आवाज खणखणीत, की मोजल्या नोटा!

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हेडचे गॅस्केट फुटले, लायनरची रबरी रिंग गेली किंवा हेडला तडा गेला, की पाणी तेलात उतरते. तेल ताकासारखे पांढुरके होते, त्याची पातळी आपोआप वाढते. अशा तेलाने बेअरिंग खाल्ले जाते, पुढे क्रँकही जातो. विकणारा नवे तेल भरून देईल. रोग आतच राहील.

म्हणून इंजिन तासभर पाणी उपसायला लावा. रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी ऑईल चेंबरचा खालचा नट अलगद सैल करा. पाणी तेलाहून जड; असेल तर तेच आधी बाहेर येईल. तेल पांढुरके दिसले तरी सौदा थांबवा.

ज्वारी पोटरीत असताना, कपाशीला बोंडे धरताना एक पाणी हुकले तर वर्ष हुकते. तेव्हा पैसे देण्याआधी पारख करा, बोली कागदावर घ्या. बाजार आपल्याला जो नियम लावतो, तोच आपण बाजाराला लावू.